अर्ध्या दिवसाचा समुद्र

गेल्या डिसेंबरात एका लाँग वीकांताला आम्ही सहा जण मालवणला गेलो. टीममधलेच सगळे. एक नागपूरचा, दोघे पुण्याचे, एक इंदूरचा, एक सोलापूरचा आणि मी साखऱ्याचा. साखरा म्हणजे हिंगोली जिल्हा, सेनगाव तालुका. नकाशावर बोट ठेवून पाहा, तिथून सरळ रेषेत सुद्धा समुद्र चारशे किलोमीटरच्या पुढं आहे. त्यामुळे "हाफ डे फिशिंग ट्रिप, सहा माणसं, गळ-आमिष आमचं" असा बोर्ड दिसल्यावर सगळ्यात आधी उडी कुणी मारली असेल हे सांगायला नको.

पहाटे साडेसहाला निघालो, साडेदहाला परत. चार तासांत सहा जणांत मिळून सात मासे. त्यातले दोन इतके लहान की काकांनी न बोलता परत पाण्यात सोडले. नागपूरकर पहिल्या अर्ध्या तासातच आडवा झाला आणि किनारा येईपर्यंत "जमीन कधी येते" एवढंच विचारत राहिला. सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला, सूर्य वर आला, फोटो निघाले. ट्रिप सही झाली.

पण हा लेख ट्रिपचा नाही. त्या चार तासांत होडीवाल्या काकांनी एक वाक्य टाकलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही आधीपासून टुरिस्टच नेता का?" ते म्हणाले, "माझो बापूस रापणीर जाय. आता मासोच किनाऱ्याक येना नाय."

आता मासा किनाऱ्याला येत नाही म्हणजे काय? आमच्याकडे "पाणी वर येत नाही" म्हणतात, त्याच सुरात ते बोलले होते. परत आल्यावर पुढचे चार-पाच वीकांत याच्यातच गेले. त्याचं हे फलित.

सुरुवात जरा लांबून करतो. हौसेखातर गळ टाकून बसणं हा साहेबी प्रकार आहे असं मला वाटायचं. इंग्रज लोक या विषयाचा आद्य ग्रंथ म्हणून आयझॅक वॉल्टनचं १६५३ चं 'द कंप्लीट अँग्लर' दाखवतात. आपल्याकडे मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं. पण गंमत पुढं आहे. वॉल्टनच्या पाचशेहून जास्त वर्षं आधी, इ.स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसं चालवावं इथपासून स्वयंपाक, हत्ती, संगीत इथपर्यंत सगळं. यातल्या चौथ्या भागात राजाच्या करमणुकीच्या यादीत 'मत्स्यविनोद' आहे. मासे कुठले, समुद्रातले कुठले नि नदीतले कुठले, खवल्यांचे कुठले नि बिनखवल्यांचे कुठले, कुणाला काय खायला घालावं, दोरी-काठी-गळ कसा असावा, हे सगळं. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिलं, तेव्हा कुठं मत्स्यशास्त्राच्या लोकांना याचा पत्ता लागला.

आणि हे कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नाही बरं का. बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. साखऱ्यापासून जवळपास सरळ दक्षिणेला, दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हौशी मासेमारीवरचं जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक समुद्रकाठी नाही, आमच्या कोरड्या पट्ट्याच्या शेजारी लिहिलं गेलं! हे वाचल्यावर मी होडीत दोरी धरून बसलो होतो त्याला एकदम राजेशाही परंपरा वगैरे मिळाली. (दादांना हे सांगितलं नाही. नर्सी नामदेव जवळ असलेल्या भागातलं माळकरी घर. तिथं ही परंपरा विशेष चालणार नाही.)

एवढं मात्र खरं की त्यानंतर कित्येक शतकं आमच्या भागाला समुद्र दिसला तो बाजारातच. सुकट आणि सुके बोंबील. माळ नसलेल्या घरांत आठवडी बाजारच्या दिवशी संध्याकाळी जो वास सुटायचा, तो माझ्या लहानपणीचा समुद्र. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि त्या अवाढव्य संस्थानाला किनारा असा नव्हताच. स्वतंत्र राहायचं तर बंदर पाहिजे म्हणून गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळतंय का, याची बोलणी पोर्तुगीजांशी करून पाहिली गेली होती. साखऱ्याहून समुद्राकडे पाहणारा मी काही पहिला नाही. असो.

आता रापण. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक प्रचंड लांब जाळं होडीत घालतात. होडी किनाऱ्यावरून निघते, दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवते, समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडते आणि दुसऱ्या टोकासह लांब कुठंतरी परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. दोर कमरेला लावून मागं मागं चालत ओढायचा, तासन् तास. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात आणि मध्ये जाळ्याच्या पोटात जे सापडेल ते वाळूवर. यात इंजिन नाही, समुद्राच्या तळाला ओरबाडणं नाही. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. काका म्हणाले की त्यांच्या वाडीत कुठल्या दिवशी कुणाची रापण पडणार याचा क्रमसुद्धा ठरलेला असायचा. भांडणं नव्हती असं नाही, पण भांडण मिटवायचं कसं हे माहीत होतं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे, आणि तीच तिची सगळ्यात चांगली गोष्टही आहे: ती माशाची वाट बघते. बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे पाऊस सरल्यावर किनाऱ्याजवळ आले तर रापणीला मासा. नाही आले तर नाही.

मग सगळं बदललं कधी? आपल्याला एक खलनायक लागतो, पण इथं पहिल्या अंकात कुणीच खलनायक नाही. नवीन स्वतंत्र झालेला देश, पोटभर अन्न नाही, प्रथिनं तर दूरच. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथं इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू साधा होता: गरीब मच्छीमाराच्या होडीला इंजिन द्यायचं, बर्फ द्यायचा, मासे जास्त मिळतील, लोक खातील. त्याच सुमाराला कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली. आणि मग अख्खा प्रकल्प कोळंबीकडे वळला. तिला भाव डॉलरचा. कोळंबी असते तळाला, म्हणून तळावरून जाळं ओढत नेणारा ट्रॉलर आला. सरकारांनी कर्ज दिलं, अनुदान दिलं. सुती आणि तागाची जाळी गेली, नायलॉन आलं. गरिबाच्या ताटात मासा वाढावा म्हणून निघालेली गाडी निर्यातीच्या स्टेशनात जाऊन थांबली. प्रोजेक्टचा स्कोप कसा घसरतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, नाही का?

ट्रॉलर नफ्यात आहेत म्हटल्यावर ते घेणारे मच्छीमारच होते असंही नाही. भांडवल असलेला कुणीही घेऊ लागला.

पहिला मोठा आवाज गोव्यात उठला. १९६१ नंतर तिथंही ट्रॉलरना अनुदान मिळालं आणि ते किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन ओढायला लागले, जिथं रांपण लागायची तिथंच (गोव्यात तिला रांपण आणि ओढणाऱ्यांना रांपणकार म्हणतात). १९७० च्या दशकाच्या मध्यावर रांपणकारांची संघटना उभी राहिली. माथानी साल्ढाणा हा शिक्षक तिचा चेहरा होता. मागणी अगदी छोटी होती: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा आमच्यासाठी सोडा. मोर्चे झाले, उपोषणं झाली, समुद्रात मारामाऱ्या झाल्या. ही संघटना आणि इतर राज्यांतले असेच लोक एकत्र येऊन १९७८ मध्ये देशपातळीवरचा मंच झाला, तोच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम. कायदे त्यानंतर आले. गोव्याचा आणि केरळचा १९८० चा, महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. मी आधी समजत होतो की कायदा आधी येतो आणि लोक तो मोडतात. इथं उलटं झालं. नासधूस आधी, मग भांडण, मग कायदा.

महाराष्ट्राच्या कायद्याखाली खोलीनुसार हद्दी ठरल्या. काही भागांत ५ वाव, काही भागांत १० वाव पाण्याच्या आत ट्रॉलर नको. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, सुमारे सहा फूट. मापच माणसाच्या अंगाचं! आमच्याकडे जुने लोक विहिरीचा दोर याच मापाने मोजतात. हे वाचताना मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

पण ट्रॉलर ही अर्धी गोष्ट. काकांच्या वाक्यातला "किनाऱ्याक येना नाय" हा भाग ट्रॉलरमुळे पूर्ण कळत नाही. त्यासाठी पर्ससीन बघावं लागतं. जुन्या बायकांचा बटवा आठवा, ज्याची नाडी ओढली की तोंड बंद. पर्ससीनचं जाळं तसंच, फक्त तोंड खाली. बोट माशांच्या थव्याभोवती गोल फिरत जाळ्याची भिंत उभी करते आणि तळाशी कड्यांतून ओवलेला दोर ओढते. बटवा खालून मिटतो, अख्खा थवा आत. बांगडा, तारली हे थव्याने हिंडणारे मासे, म्हणजे रापणीचेच. रापण त्यांची किनाऱ्यावर वाट बघते, पर्ससीन त्यांना वाटेतच गाठतं. कर्नाटकात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंगळूरच्या बाजूला पर्ससीन जोरात सुरू झालं आणि काही वर्षांतच तिथली रांपणी बसली. महाराष्ट्रात हाच सिनेमा नंतर लागला.

भांडण वाढल्यावर राज्याने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश निघाला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे, आणि परवाना असलेल्यांनीही राज्याच्या हद्दीत फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मासेमारी करायची. राज्याची हद्द म्हणजे १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडे केंद्राचं राज्य. मग रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करायचा प्रकार आला. त्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या कायद्यातले दंड वाढवून लाखांत नेले. आता रात्रीच्या काळोखात, बारा मैलांच्या रेषेवर, बोट अलीकडे होती का पलीकडे हे ठरवणार कोण? लॉग नाही, साक्षीदार नाही. परत परत उघडणारा बग आहे हा.

इथं थोडं आमच्या धंद्याच्या भाषेत बोलतो. ज्यांचा संबंध नाही त्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल. एकाच रिसोर्सवर दहा थ्रेड चालतात आणि लॉक नाही, तर जो आधी पोचेल तो जिंकतो. याला आपण रेस कंडिशन म्हणतो आणि कोड रिव्ह्यूत झापतो. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामायिक कुरणाची गोष्ट सांगून साधारण हेच म्हटलं: सगळ्यांचं ते शेवटी उद्ध्वस्त होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी त्यावर पुढची काही दशकं घालवून दाखवलं की असं व्हायलाच पाहिजे असं नाही, लोक आपापसात लॉक बनवतात. त्यांच्या उदाहरणांत तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार आहेत. मासेमारीच्या जागा ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात आणि रोज एकेक जागा पुढं सरकतात. २००९ मध्ये ऑस्ट्रॉमबाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मालवणच्या वाडीतला रापणीचा क्रम म्हणजे तेच. लॉक होता. फक्त दुसरीकडून आलेल्या, जास्त वेगवान थ्रेडला तो लॉक माहीतच नव्हता.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. आमच्या शेतात आजोबांनी खोदलेली विहीर आहे, पन्नासेक फूट. माझ्या शाळेच्या दिवसांत उन्हाळ्यातसुद्धा तळाला पाणी असायचं. मग बांधाला लागून असलेल्या चुलत्यांनी बोअर घेतला, दोनशे फूट. आमची विहीर जानेवारीतच आटली. मग आम्ही घेतला, तीनशे. मग त्यांनी साडेचारशे. यात चुलते वाईट होते का? नाही. दादा वाईट होते का? तेही नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी ज्या सोयाबीन-हरभऱ्यातून गेली, त्यातला हरभरा त्या तीनशे फुटांच्या पाण्यावरचा. कायदा इथंही आहे, महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ चा. ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या पुढं खोल जाण्यावर त्यात निर्बंध आहेत. रात्री गाडी येते, सकाळी निघून जाते.

म्हणून पर्ससीनवाल्याला शिव्या घालायला माझी जीभ पटकन वळत नाही. त्याच्यावरही कर्ज आहे, डिझेल आहे, खलाशांचे पगार आहेत. पण कुणाची बाजू घ्यायची म्हटली तर माझी बाजू ठरलेली आहे. ज्याचं जाळं माशाची वाट बघतं त्याला आधी संरक्षण पाहिजे, कारण पाठलाग करणाऱ्याकडे दुसरीकडे जायचं इंजिन असतं. विहीर कुठं जाणार?

आता हौशी मासेमारीकडे परत येतो, कारण तिच्या इतिहासात मला एक फार विचित्र गोष्ट सापडली. भाड्याच्या बोटीतून समुद्रात जाऊन हौसेने मासे धरायचा आजचा जो प्रकार आहे, त्याच्या गाजलेल्या सुरुवातींपैकी एक कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावरची. १८९८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने तिथं काठी आणि दोरीवर १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोंचा ट्यूना धरला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब काढला. कशासाठी? तिथं लोक जाड दोऱ्या टाकून वाटेल तेवढे मासे उपसायचे, ते त्याला आवडेना. क्लबचा नियम असा की दोरी बारीकच पाहिजे, काठी हलकीच पाहिजे, माशाला सुटायची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे ज्यांचं पोट माशावर नव्हतं त्यांनी स्वतःहून आपले हात बांधून घेतले, आणि ज्यांचं पोट होतं त्यांना जगभर जास्त मोठं जाळं, जास्त मोठं इंजिन घ्यायला लावलं गेलं.

मालवणात टुरिस्ट आला तो यानंतर बऱ्याच काळाने. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ ला, तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ ला, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ ला. मधल्या काळात, १९८७ मध्ये, किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत स्थानिक मच्छीमार होते. बाहेरचा पर्ससीनवाला सुटणार आणि आमच्या होड्यांवर नियम येणार, ही भीती. मला ती अजिबात अडाणी वाटत नाही. मग हळूहळू न्याहारी-निवास आले, स्नॉर्केलिंग आलं, डॉल्फिन आले, आणि गरवायला येणारे आम्ही. मालवणीत गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला.

आमच्या ट्रिपचे पैसे काकांना रापणीच्या कित्येक दिवसांच्या वाट्यापेक्षा जास्त पडत असावेत. हिशोब मी मनातल्या मनात केला, विचारायची हिंमत झाली नाही. पण ते शांतपणे म्हणाले, "झिला, ह्या बरा आसा." एवढंच. मग माझी दोरी हातात घेऊन बघितली, आमिष कधीच खाल्लं गेलं होतं, नवीन कोळंबी लावून दिली. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात आहे. म्हणजे तोही दोर नाही ओढत, मीही नांगर नाही धरत.

फोनवर दादांना सांगितलं. आधी तर, "माळकऱ्याचं लेकरू अन् मासे धरायला गेलतं का रे?" मग दोन मिनिटं गप्प. मी पर्ससीनचं सांगितलं, थवा येण्याआधीच बाहेर धरतात ते. तेव्हा म्हणाले, "म्हंजी वरच्यानं बोअर घेतल्यावानीच की." मी चार वीकांत घालवून जिथं पोचलो तिथं ते अर्ध्या मिनिटात पोचले.

हां, एक राहिलं. साडेदहाला आम्ही परत आलो तेव्हा किनाऱ्यावर एक रापण लागलेली होती. दोन्ही बाजूंना मिळून तीसेक माणसं असतील, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, चार-पाच बायका. सोलापूरकर म्हणाला, "चल फोटो काढू." म्हणून आम्ही पाच जणांनी (नागपूरकर वाळूवर झोपलेला) दोर धरला. पाच मिनिटांत फोटो झाले, पण सोडायचा कसा हे कळेना, कारण पुढचा म्हातारा बघत होता. मग ओढतच राहिलो. पाऊण तास. हातांना फोड आले. जाळं वर आलं, त्यात अर्ध्याहून जास्त बारीक पेडवे, थोडे बांगडे, एक खेकडा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. माझ्या डोळ्यांना तो ढीग मोठा दिसला. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की तो मोठा नव्हता.

वाटे पडायला लागले तसे आम्ही निघालो. तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने हाक मारली आणि सोलापूरकराच्या टोपीत पाच बांगडे टाकले. आम्ही नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "दोर धरलास मा?" आणि परत वाटे मोजायला वळला.